डोळे झाकल्यावर काय झालं

बजाजनगर, वाळूज
२ ऑगस्ट १९८९

चि. सौ. आवडास आक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझा कल्याणचा पत्ता कचरूकडून काढला. तुझ्या साहेबरावांचा हा जिवलग मित्र आता तुझ्या दाजींच्याच कंपनीत, त्यांच्याच पाळीत आहे. पत्ता द्यायला त्याने इतके आढेवेढे घेतले की जशी काही मी तुझ्या दारात येऊन ठाण मांडणार होते. शेवटी दाजींनी त्याला कॅन्टीनमध्ये भजी खाऊ घातली तेव्हा कुठे कागदावर लिहून दिला. तेव्हा हे पत्र भज्यांचं आहे, फाडू नकोस.

भांडायला लिहीत नाही, कामाचं लिहिते. आम्ही टीव्ही घेतला. ब्लॅक अँड व्हाईटच आहे, आणि अँटेनावर कावळा बसला की बातम्या देणाऱ्या बाईला दोन डोकी येतात. पण बुधवारी संध्याकाळी मुंबईची एक नवी मालिका लागते, ‘देवधर आले’. तू बघत नसशील तर बघायला लाग. आपल्याला हवी तशी आहे.

आपल्याला काय हवं असतं हे तुलाच माहीत. इथे कोणाला सांगायला जावं तर वेड्यात काढतात. देवादिकांचं म्हटलं तर आपण जांभया देतो, मारामारी लागली की भाकरी थापायला उठतो, आणि रडकं तर घरचंच पुष्कळ आहे. आपल्याला लागते फजिती. तीही लबाड माणसाची नव्हे. भल्या माणसाची, चारचौघांत, त्याच्याच तोंडाने ओढवून घेतलेली. पंधरा ऑगस्टला शाळेत आप्पा आभार मानायला उठले आणि मेंढराच्या खुरकुतावर बोलत सुटले, गुरुजी मागून सदरा ओढतायत आणि आप्पा म्हणतायत, “थांबा की, अवशीद सांगायचं ऱ्हायलं!” त्या दिवशी आपण दोघी शाळेच्या भिंतीमागे पदराचा बोळा तोंडात कोंबून बसलो होतो. तिथून हे खूळ लागलं.

तर हे देवधर कारकून आहेत. साहेबांचे वडील वारले असं ऐकून भेटायला जातात. दारातच गळा काढतात, “फार मोठा माणूस गेला हो!” आणि आतून धोतराचा सोगा सावरत एक म्हातारा येतो, “कोण गेलं?” बस. इथेच मी डोळे झाकले.

पुढे काय झालं मला माहीत नाही. तुला ठाऊक आहे ना माझं. जन्मभर मी ऐन वेळेला डोळे झाकले आणि तू माझ्या कानाशी लागून सांगितलंस. गॅदरिंगच्या नाटकात, मग मी माहेरपणाला आले की सरपंचांच्या ओट्यावरच्या टीव्हीपुढे. “आता तो उठला. आता बाईनं वळून पाह्यलं. आक्का, आत्ता नको उघडू. आता उघड.” तुझ्या सांगण्यात जी मजा होती ती बघण्यात नव्हती हे मी कधी बोलले नाही, आता लिहिते.

तेव्हा तू तो भाग पाहिला असशील तर कळव. वस्तीवरून निघताना तू जी शपथ घेतलीस ती तोंड न उघडण्याची होती. पोस्टकार्डाला तोंड लागत नाही.

तुझी आक्का,
वच्छला

बजाजनगर
१४ मार्च १९९०

चि. सौ. आवडास आशीर्वाद.

पोस्टमन आमच्या गल्लीत येतो तेव्हा सायकलची घंटी वाजवत नाही, शिंकतो. इतके महिने मी त्याच्या शिंकेवर दारात येते आहे. आता तोच मला बघून मान हलवतो.

‘देवधर आले’ संपली. पण हताश होऊ नकोस, मी दुसरी हुडकली आहे. हिंदी आहे, मंगळवारी. एका शाळेतला मास्तर गाण्याचा हौशी आहे. इन्स्पेक्टरच्या निरोपाला तो गायला उभा राहतो, पेटीवाला सूर धरतो, आणि याला पहिला शब्दच आठवत नाही. सगळे वाट बघतायत. तो हसतो. पेटीवाला पुन्हा सूर धरतो. तो पुन्हा हसतो. आवडा, मी डोळेही झाकले आणि कानात बोटंही घातली.

मग दाजींना विचारलं, काय झालं? तुझे दाजी कंपनीत स्कूटरचे भाग तपासतात. ते म्हणाले, “गायला न्हाई. बसला. संपलं.” झालं! शेजारच्या मालनबाईला विचारलं, तर ती आधीच इतकी हसायला लागली की, “अगं बाई तो... अगं तो मास्तर... लई मज्जा आली!” एवढ्यावर गाडी अडली. माणसाला डोळे असतात, पण सांगता येईलच असं नाही. तू नसलीस की मी अर्धीच मालिका बघते.

आता जे लिहायचं नाही म्हणत होते ते लिहिते.

तुम्ही कोर्टात लग्न करून पहिल्यांदा वस्तीवर आलात तो दिवस. आप्पांनीच बोलावलं होतं, हे विसरू नकोस. साहेबराव पाय धुऊन घोंगडीवर बसले. दारात भावकी उभी होती, आप्पा जावयाला कसे वागवतात ते बघायला. आप्पा पाणी आणायला आत गेले आणि दारातली मंडळी पुढे सरकली. एवढंच मी पाहिलं. फजिती जवळ आली की मला आधी वास येतो. माझे हात आपसूक डोळ्यांवर गेले. उघडले तेव्हा साहेबराव उभे होते, दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओल्या, आप्पांच्या हातात कलता तांब्या, आणि तू चपला शोधत होतीस. मधलं मला सांगायला त्या दिवशी कानाशी कोणी नव्हतं.

भावकीच्या बोलण्यातून मागाहून एवढं कळलं, आप्पांनी जावयाला पेल्यात पाणी दिलं नाही, ओंजळ धरायला लावून वरून ओतलं. साहेबरावांच्या आज्या-पणज्याला गावाने असंच वरून पाणी वाढलं, हे मला कळतं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणून चालत निघालेला, तुरुंग बघून आलेला माणूस तो. त्याने ते का सोसावं? पण आवडा, आपण धनगर. मेंढरामागे रानोमाळ हिंडणाऱ्याकडे पेला कुठला? वाडग्यावर, मेंढरांच्या कुंपणापाशी, येईल त्याला, पाटलाला आणि फकिराला, आप्पांनी ओंजळीतच पाणी घातलं. घाबरलेल्या माणसाचा हात सवयीच्या वाटेने जातो. माझं मन मला हेच सांगतं.

उंबऱ्यावरून तू म्हणालीस, “आप्पा सोता आमच्या दारी येऊन पानी मागतील, तवाच तोंड उघडीन.” आणि आप्पा काय म्हणाले? “पानीच दिलं की.” तेवढं बोलून जे गप्प झाले ते झाले. ज्या माणसाला गुरुजी सदरा ओढून बसवू शकले नाहीत, तो.

मंगळवारची मालिका बघ. नाही सांगितलंस तरी बघ. आपण दोघी एकाच वेळी एकाच माणसाची फजिती बघतोय एवढं जरी कळलं तरी मला पुरे आहे.

तुझी आक्का

बजाजनगर
२० नोव्हेंबर १९९१

चि. सौ. आवडास आशीर्वाद.

तुला मुलगी झाली हे मला कचरूकडून, तेही बसच्या रांगेत, क्रांती चौकात कळावं! मी रडले आणि त्या गर्दीत एका कंडक्टरने मला विचारलं, “मावशी, पाकीट मारलं का?” मी व्हय म्हणाले. काय सांगणार होते?

नाव काय ठेवलंस? कुणासारखी दिसते? तुझ्यासारखी असेल तर रांगायच्या आधी बोलेल.

आप्पा आमच्याकडे राहायला आले. मेंढरं विकली. चारायला नेणार कुठे? आपल्या वाडग्याची जागा तुला आठवते, त्या दोन लिंबांच्या मधली? तिथे आता एका कारखान्याची भिंत आहे. त्याच्या पलीकडच्या गायरानात दुसऱ्याची. दाजी म्हणतात प्रगती आहे, आणि खोटं कशाला बोलू, त्याच प्रगतीतून आमचं घर आणि हा टीव्ही आला. पण आप्पा रोज सकाळी काठी घेऊन त्या भिंतीपर्यंत जातात, भिंतीला वळसा घालतात आणि परत येतात. वॉचमन त्यांना सलाम करतो. त्याला वाटतं कोणी जुने साहेब आहेत.

टीव्हीकडे आप्पा पाठ करून बसतात. परवा एका मालिकेत हसण्याचा आवाज आला तर भिंतीकडे बघूनच विचारलं, “हसतंय कोन?” मी म्हटलं, लोक. “कुठं बसल्यात? दिसत तर न्हाईत.” मी म्हटलं, आप्पा, ते हसणं नंतर लावतात. मग म्हणाले, “बरं हाय. त्येच्या तोंडावर तरी हसत न्हाईत.”

आणि एक सांगते. हे मुद्दाम सांगते. आमच्याकडे स्टीलचे पेले आहेत, काचेचेही आहेत. आप्पा एकालाही हात लावत नाहीत. माठापाशी जातात, ओंजळ पुढे करतात, “घाल,” म्हणतात. मी वरून पाणी घालते, ते ओंजळीतून पितात. पाव्हण्यांपुढेसुद्धा. मालनबाई म्हणाली, असं काय गं म्हाताऱ्याचं? मी म्हटलं, वाडग्यावरची सवय. आता तरी पटतंय का तुला? मी पहिल्यापासून सांगत होते. तो अपमान नव्हता गं, सवय होती. साहेबरावांना हे वाचून दाखव.

सध्या चांगली मालिका नाही. सगळीकडे राजे आणि रथ. सापडली की कळवते.

तुझी आक्का

बजाजनगर
९ जून १९९३

चि. सौ. आवडास आशीर्वाद.

सापडली! पण इंग्रजीत आहे.

आमच्या गल्लीत डिशवाल्याने तार टाकली. आता टीव्हीवर दिवसभर काही ना काही चालू असतं, आणि बघण्यासारखं शोधणं म्हणजे बाजारात हरवलेलं मेंढरू हुडकणं. मी भाजी निवडता निवडता बटणं दाबत बसते. दाजी म्हणतात, “बटन झिजंल.” झिजू दे.

तर एक गोरा माणूस आहे, टक्कल पडत आलेला, सदरा नेहमी तंग. कचेरीत बक्षीस समारंभ आहे. स्टेजवरचा साहेब कुणाची तरी स्तुती करतोय. ह्या माणसाला वाटतं आपलीच. तो हळूच टाय नीट करतो. बायकोचा हात दाबतो. उठतो. स्टेजच्या पायऱ्या चढायला लागतो. आणि दुसऱ्या टोकाने खरा माणूसही चढायला लागतो. भाषा मला एक अक्षर कळली नाही, पण त्याने टाय नीट केला तेव्हाच मला घाम फुटला. फजितीला भाषा लागत नाही गं.

डोळे झाकले, अर्थात. बोटांच्या फटीतून बघायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. उघडले तेव्हा साबणाची जाहिरात चालू होती.

तू कल्याणला इतकी वर्षं राहतेस, तुला इंग्रजी समजत असेल. तो माणूस परत खाली कसा आला? बायकोपाशी जाऊन बसल्यावर काय म्हणाला? मला तेवढंच हवंय. तो पडला की नाही याचं मला काही नाही. खाली उतरून आपल्या माणसाशेजारी परत बसता येतं का, एवढंच मला कळायला हवं आहे.

कधी कधी वाटतं, तू पत्रं उघडतही नसशील. एखाद्या डब्यात टाकत असशील. तरी मी वार आणि वेळ लिहिते. शुक्रवार, रात्री साडेआठ. न जाणो, कधी चुकून उघडशील.

तुझी आक्का

बजाजनगर
१५ जानेवारी १९९४

चि. सौ. आवडास आणि साहेबरावांस आशीर्वाद.

आज पहिल्यांदाच दोघांना लिहिते, कारण बातमी त्यांची आहे.

काल संक्रांत. दुपारपासून माझ्याकडे हळदीकुंकू होतं. संध्याकाळी बातम्या लागल्या आणि बायकांचं बोलणं मध्येच थांबलं. विद्यापीठाला नाव मिळालं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. कोणी म्हणालं बरं झालं, कोणी कुंकवाचा करंडा उचलून लवकर घरी गेलं. दाजी शहरातून आले, म्हणाले कुठे गुलाल आहे, कुठे दारं बंद आहेत. पाळी सुटल्यावर कचरूने गेटवर साखर वाटली आणि वाटता वाटता तो रडायला लागला, म्हणाला, ज्यांनी खायची ते कितीतरी जण राहिलेच नाहीत. एका नावासाठी घरं जळाली, माणसं गेली. मला मोठं बोलता येत नाही. साहेबरावांना एवढंच सांग, आक्काला त्यांची लई आठवण आली.

आता आप्पांचं. ते नेहमीप्रमाणे टीव्हीकडे पाठ करून बसले होते. बातमी लागली आणि ते वळले, आवडा. घोंगडीसकट वळले.

“झालं का त्येचं?” म्हणाले.

“कुनाचं, आप्पा?”

“त्येचं.”

पाच वर्षांत तुमच्या दोघांविषयी निघालेला हा पहिला शब्द. मी म्हटलं, व्हय, झालं. त्यांनी मान हलवली. मग ताटातला मूठभर तिळगूळ उचलला, फडक्यात बांधला आणि उशाखाली ठेवला. मी विचारलं, कुणाला? तर म्हणाले, “ऱ्हाऊ दे.”

आज मालिकेचं काही लिहीत नाही.

तुझी आक्का

बजाजनगर
११ एप्रिल १९९४

आवडे,

मायना-बियना आज राहू दे. कागद ओला दिसला तर पाण्याचा समज, मी काही रडत-बिडत नाही.

काल तू टीव्हीवर होतीस.

मला काय माहीत! मी मुंबईचा कार्यक्रम लावला, ‘दोघांचं एकच’. नवराबायकोचा खेळ. आधी बायकांना दुसऱ्या खोलीत नेऊन बसवतात, नवऱ्यांना प्रश्न विचारतात, मग तेच प्रश्न बायकांना. उत्तरं जुळली की घंटा. मी तर लावलाच होता त्यातल्या फजितीसाठी. आणि तिसरी जोडी म्हणून साहेबराव आले. पांढरा सदरा, केस थोडे गेलेत. आणि त्यांच्या मागून तू.

मी ओरडले. मालनबाई भिंतीपलीकडून धावत आली. दाजी अंगाचा साबण तसाच ठेवून टॉवेलवर बाहेर आले. आणि आप्पा वळले.

तू काल रात्री घरी बसून स्वतःला बघताना डोळे झाकले असशील. स्वतःची फजिती कोणाला बघवते? तेव्हा मी सांगते काय झालं. ह्या खेपेला माझी पाळी.

आधी त्या हसऱ्या निवेदकाने तुला विचारलं, वहिनी, आवड कशाची? तू म्हणालीस, “टीव्हीवरच्या फजितीच्या मालिका बघायची. कुठली चांगली ते माझी बहीण औरंगाबादेहून पत्रात कळवते.” तो म्हणाला, मग दोघी मिळून बघता की काय? तू म्हणालीस, “व्हय. ती तिथं, मी इथं. ती डोळे झाकते. तिला सांगायचं लई साठलंय.”

आवडे, सगळी पत्रं वाचलीस. आणि एक पोस्टकार्ड टाकलं नाहीस, गाढवे!

मग तुला आत नेलं. साहेबरावांना विचारलं, आवडती भाजी, आवडता रंग, असलंच काही. आणि मग तो हसरा म्हणाला, “लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलात. सासऱ्यांनी काय दिलं?”

मला वास आला. हात वर निघाले, आवडे. पण वर गेले असते तर तू दिसली नसतीस. तुला परत कधी आणतील, किती वेळ दाखवतील, काय भरवसा? पाच वर्षांनी बहिणीचं तोंड दिसतंय आणि मी डोळे झाकू? मी हात मांडीखाली घातले आणि त्यावर बसले.

कॅमेरा त्यांच्या तोंडावर. मागचा एकजण खोकला. निवेदक म्हणाला, “अहो, सांगा की! घड्याळ, अंगठी, सूट?” साहेबरावांनी आधी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, “पाणी.”

लोक हसले. ते नंतर लावलेलं हसणं नव्हतं, समोर बसलेल्यांचं होतं. निवेदक म्हणाला, “नुसतं पाणी? जावयाला नुसतं पाणी?” पुन्हा हशा. इथे दाजी साबणाच्या अंगाने तसेच उभे. मला वाटलं आता सांगतील. सांगायचा त्यांना हक्क होता, आणि आख्खा महाराष्ट्र ऐकत होता. साहेबराव हसले आणि म्हणाले, “उन्हाचे चालत गेलो होतो. तहान लागली होती. तहानलेल्याला पाणीच द्यावं लागतं, साहेब.”

टाळ्या पडल्या. निवेदक म्हणाला, वा.

मग तुला आणलं. तुला ह्यातलं काही माहीत नाही. तोच प्रश्न. तुझा चेहरा बदलला ते सगळ्या लोकांना लाजणं वाटलं असेल, मला नाही वाटलं. तू ओठ आत घेतलास. लहानपणी रडू आवरताना घ्यायचीस तसा. निवेदक म्हणाला, “वहिनी, बाबांनी जावयाला काय दिलं, आठवत नाही?” लोक हसायला लागले. तू साहेबरावांकडे पाहिलंस. ते तुझ्याकडेच बघत होते. आणि तू म्हणालीस, “पाणी.”

घंटा वाजली. केवढ्याने वाजली! तू दचकलीस. लोक टाळ्या पिटतायत, निवेदक उड्या मारतोय, आणि तुम्ही दोघं तिथे उभे, एकमेकांचा हात धरून, कोणाला काही न सांगता. तुमचा नंबर नाही आला. पण सगळ्या जोड्यांना काचेच्या पेल्यांचा एकेक लेमन सेट दिला, आणि तो घेताना तुझ्या हातून खोकं निसटलं ते साहेबरावांनी वरचेवर धरलं. सगळं पाहिलं मी. एक पापणी लवली असेल तर शपथ.

आता आमच्या खोलीत काय झालं ते ऐक. हे तुला कुठल्याही टीव्हीवर दिसणार नाही.

कार्यक्रम संपला. दाजींनी टीव्ही बंद केला. मी आप्पांना म्हटलं, “आप्पा, पाह्यलं ना? तुमची चूक न्हवती. वाडग्यावरची सवय ती. त्यांना बी आता पटलं असंल.”

आप्पा म्हणाले, “सवय न्हवती.”

मी त्यांच्या घोंगडीवर जाऊन बसले.

“पेला हातात व्हता माझ्या. पितळंचा, तुझ्या मायचा. सकाळधरनं राखंनं घासला व्हता मीच. भरून भाईर आनला. दारात समदी भावकी हुबी. हात पुढं जाईना. पेला खाली ठिवला आन् तांब्या उचलला. जावई म्हून ओंजळ धरली त्यानं. माझ्या डोळ्यांत बघून धरली.”

मालनबाई उठून गेली. इतकं शहाणपण तिच्यात असेल असं मला वाटलं नव्हतं.

आप्पा पुढे म्हणाले, “त्या दिसापासनं पेल्याला तोंड लावलं न्हाई म्या. जे त्येला दिलं तेच आपन प्यायचं. तुला वाटलं सवय. मला बी बरंच वाटलं, तुला तसं वाटलं ते.” मग उपरणं समजून माझ्या साडीचा पदरच त्यांनी डोळ्यांना लावला. “चार मान्सांपुढं मी त्येची आब्रू घालवली, वच्छे. आन् त्यानं समद्या मुलखापुढं माझी झाकली.”

मी तुला पाच वर्षं लिहीत राहिले, सवय होती, सवय होती. साहेबरावांना वाचून दाखव म्हणून हट्ट केला. तू बरोबर होतीस. ते मधलं मी पाहिलं नव्हतं, तू पाहिलं होतंस.

आता कामाचं. आप्पा रविवारी सकाळच्या एस.टी.ने निघतात. कचरू सोबत येतोय, त्याला ह्या खेपेला भजीसुद्धा लागली नाहीत. सामान काही नाही. घोंगडी, तुझ्या मुलीसाठी लोकरीची टोपी, आणि एक फडकं. त्यात जानेवारीचा तिळगूळ आहे. त्याचा दगड झालाय, मी म्हटलं नवा करून देते, तर ऐकत नाहीत, म्हणतात, “त्येच्या नावाचा हाय त्यो.” दात सांभाळून खा.

तुझ्या दारात आले की ते पाणी मागतील. कोणी शिकवलेलं नाही, तुझा उंबऱ्यावरचा शब्द त्यांना पाठ आहे. कशातून द्यायचं ते तुम्ही दोघं ठरवा. ओंजळीत घातलंत तरी ते पितील आणि काही म्हणायचे नाहीत. कालपासून मला एवढंच विचारतात, “त्ये काचंचे पेले न्हेताना फुटले तर नसतील?”

माझा जीव राहत नाही. त्यांनी दारात उभं राहणं, साहेबरावांनी बाहेर येणं, पोरीने घोंगडीला घाबरणं, कोणी काय बोलायचं हे कोणालाच न सुचणं. सगळ्या जन्मात ह्याच्याइतकी अवघड वेळ मी कुठल्या मालिकेत पाहिली नाही. आणि मी तिथे नसेन, घरात दाजींची पाळी आणि माझं मेलं पाठीचं दुखणं आहे.

तेव्हा तू डोळे झाकू नकोस. आणि काय झालं ते मला सगळं सांग.

आक्का